नऊ मिनिटांचं कोडं

"आदरणीय ताई,

मी गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या एका गावात राहते. बी.कॉम. झाल्यापासून आयबीपीएस ही संस्था घेते ती बँकांच्या क्लार्क भरतीची परीक्षा देते आहे. वाळपईला एका दुकानात अर्धा दिवस हिशेबाचं काम करते, उरलेल्या वेळात अभ्यास. मला येत नाही असं नाही. घरी निवांत बसले की ३५ पैकी ३० गणितं बरोबर येतात. पण संगणकासमोर बसलं की घड्याळ पळायला लागतं. मागच्या प्रिलिम्सला (पूर्वपरीक्षेला) रीझनिंगमध्ये, म्हणजे तर्काच्या विभागात, गोल टेबलाभोवती बसलेल्या आठ जणांचं पझल आलं. आता सुटेल, मग सुटेल करत नऊ मिनिटं गेली. त्याची पाच उत्तरं दिली आणि उरलेल्या वेळात कसेबसे अकरा प्रश्न झाले. बाकीचे तर मी पाहिलेसुद्धा नाहीत. बाहेर आल्यावर मैत्रीण म्हणाली, शेवटचे दहा अगदी सोपे होते. शिवाय मी प्रश्नांच्या नंबरांवर टिचकी मारत पुढेमागे जात होते, तर शेवटी बाजूच्या चौकटीत सोडवलेले प्रश्न माझ्या हिशेबापेक्षा कमीच दिसले.

क्लासचे सर सांगतात, प्रत्येक प्रश्नाला ३४ सेकंद दे, जास्त नाही. मला ते कधीच जमलं नाही. यंदाची परीक्षा गणेश चवथीनंतर थोड्याच दिवसांत आहे आणि तेव्हा घर पाहुण्यांनी भरलेलं असेल. काम सोडून वर्षभर नुसता अभ्यासच करू का?

तुमची एक वाचक, सत्तरी"

आधी सरांच्या त्या ३४ सेकंदांकडे बघू. रीझनिंग आणि गणित या विभागांना प्रत्येकी ३५ प्रश्न आणि २० मिनिटं असतात. २० मिनिटांचे १२०० सेकंद, भागिले ३५ प्रश्न. भागाकार बरोबर आहे, पण त्यावरून दिलेला सल्ला मला पटत नाही. इनइक्वॅलिटीचा, म्हणजे लहान-मोठेपणाच्या चिन्हांचा, प्रश्न सरावाच्या मुलीला १५ सेकंदांत सुटतो. गोल टेबलाला चांगल्या चांगल्यांची चार मिनिटं जातात, पण त्यातून एकदम पाच उत्तरं मिळतात. दोघांना एकच माप लावलं तर सोप्या प्रश्नावर तू उगाच रेंगाळशील आणि अवघड प्रश्न अर्ध्यावर टाकशील. सरासरी परीक्षा झाल्यावर काढायची असते. परीक्षा चालू असताना दर प्रश्नाला घड्याळाकडे बघणारी मुलगी प्रश्न कमी वाचते आणि घड्याळच जास्त वाचते.

तुझ्या नऊ मिनिटांचा हिशेब मात्र करूच. दुकानात हिशेबच ठेवतेस, तेव्हा हा तुला लगेच कळेल. नऊ मिनिटं म्हणजे ५४० सेकंद. सिलॉजिझम (दिलेल्या विधानांवरून निष्कर्ष), इनइक्वॅलिटी, अक्षरमाला, दिशा, नातेसंबंध असे सुटे प्रश्न प्रत्येकी अर्ध्या मिनिटात धरले तरी एवढ्या वेळात अठरा झाले असते. तू अठरांच्या बदल्यात पाच घेतलेस, आणि तेही बरोबर होते का, हे तुला आजही ठाऊक नाही. आठांपैकी एकाचंही तोंड आत की बाहेर हे चुकलं, तर पाचांतली तीन-चार उत्तरं चुकतात.

म्हणून तुझी अडचण वेगाची आहे असं मला वाटत नाही. तू सोडत नाहीस, अडचण तिथे आहे. 'एवढी पाच मिनिटं घातली, आता कसं सोडू' हा विचार त्या खुर्चीवर बसलेल्या प्रत्येकाच्या मनात येतो. पण घातलेली पाच मिनिटं सोडलं तरी गेली आणि धरून बसलं तरी गेलीच. पुढचं मिनिट कुठे घालायचं एवढंच तुझ्या हातात असतं. आणि हा निर्णय त्या खोलीत, छातीत धडधडत असताना घ्यायचा नसतो. तो घरी घेऊन, लिहून, अंगवळणी पाडून जायचं. परीक्षेत वेळेचं नियोजन करायला वेळच नसतो, म्हणून तर तुझं घड्याळ पळतं.

शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात गेलेली जाणती बाई पहिल्याच विक्रेत्याशी घासाघीस करत उभी राहत नाही. आधी एक फेरी मारते, बरं दिसेल आणि दर पटेल ते पिशवीत टाकते. घासाघीस करायची ती दुसऱ्या फेरीला. तुझ्या प्रत्येक विभागाच्या दोन फेऱ्या अशाच व्हायला हव्यात. पहिल्या फेरीत पहिल्या प्रश्नापासून पस्तिसाव्यापर्यंत जायचं म्हणजे जायचंच. प्रश्न वाचून दहा सेकंदांत वाट दिसली तर सोडवायचा, नाही तर पुढे. पझलचा संच आला की पाचही प्रश्न ओलांडायचे, त्यात डोकावायचंसुद्धा नाही. साधारण दहा मिनिटांत तू शेवटाला पोचायला हवीस. मैत्रिणीने सांगितलेले ते शेवटचे दहा सोपे प्रश्न तुला या फेरीतच भेटले असते.

गणितात पहिल्या फेरीला सिम्प्लिफिकेशन (सरळरूप देणं), अंदाजे किंमत काढायची उदाहरणं आणि संख्यामालिका. मालिकेचा नियम दोन फरक काढून दिसला नाही तर ती तिथेच सोड. काही मालिका माणसाला गुंतवून ठेवायलाच रचलेल्या असतात, असं माझं प्रामाणिक मत आहे. मग तक्ता किंवा आलेख, आणि नफा-तोटा, काळ-काम, वेग-अंतर यांची शाब्दिक उदाहरणं शेवटी. इंग्रजीत चुका शोधणं आणि गाळलेल्या जागा आधी. उताऱ्याच्या प्रश्नांत शब्दार्थ विचारला असेल तर तेवढं वाक्य वाचून उत्तर देता येतं. इंग्रजीचे ३० प्रश्न आणि तेवढीच २० मिनिटं, म्हणजे तिथे थोडी मोकळीक आहे. पण उरलेली मिनिटं गणिताला जोडून मिळत नाहीत. या परीक्षेत प्रत्येक विभागाचं घड्याळ वेगळं असतं आणि एकदा विभाग संपला की मागे जाता येत नाही. शिवाय तिन्ही विभागांचा कट-ऑफ, म्हणजे किमान गुणांची रेषा, वेगवेगळा पार करावा लागतो. त्यामुळे 'इंग्रजीत भरून काढीन' हा बेत इथे उपयोगाचा नाही.

आता दुसरी फेरी, म्हणजे तुझं ते गोल टेबल. क्लार्कच्या पेपरात पझलचे संच एकाहून जास्त असतात, तेव्हा सगळेच सोडून चालणार नाही. निवडावे लागतील. प्रत्येक संचाची माहिती वरवर वाच, अर्धं मिनिट पुरे. 'अमुक डावीकडून तिसरा', 'तमुक टोकाला' अशा पक्क्या जागा ज्यात जास्त तो आधी घे. 'हा तिच्या शेजारी नाही', 'त्या दोघांमध्ये जितके जण तितकेच या दोघांमध्ये' असल्या वाक्यांनी भरलेला संच शेवटाला. सरळ रांग बहुधा गोलापेक्षा बरी, आणि सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला असलेली रांग त्याहून बरी. संच हातात घेतल्यावर दोन मिनिटांनी थांबायचं. तोवर निम्मी माणसं जागेवर बसली असतील तर पुढे जा. नसतील तर तो संच गेला असं समज, मग तो कितीही ओळखीचा वाटो.

सोडताना रफ शीटवरची आकृती खोडू नकोस. शीटला दोन घड्या घालून चार खण कर, दर पझलला एक खण, आणि खणाच्या कोपऱ्यात पहिल्या प्रश्नाचा क्रमांक गोल करून लिही. वेळ उरला आणि परत आलीस, तर पुन्हा पहिल्या वाक्यापासून सुरुवात करावी लागत नाही. सरावात मुलं अख्ख्या पानावर कुठेही लिहितात, आणि परत आल्यावर आपलंच अक्षर शोधत बसतात.

तुझे सोडवलेले प्रश्न चौकटीत कमी का दिसले, त्याचं उत्तर बहुधा तुझ्याच वाक्यात आहे. तू नंबरांवर टिचकी मारत फिरत होतीस. या परीक्षांच्या सूचनांमध्ये लिहिलेलं असतं की पर्याय निवडून 'सेव्ह अँड नेक्स्ट' न दाबता थेट दुसऱ्या क्रमांकावर गेलात तर ते उत्तर साठवलं जात नाही. सूचना वाचायला दिलेल्या मिनिटांत सगळे देवाचं नाव घेत असतात, त्यामुळे हे वाक्य कोणी वाचत नाही. तू वाच. पर्याय निवडला की 'सेव्ह अँड नेक्स्ट', मग हवं तिथे जा. 'मार्क फॉर रिव्ह्यू'चाही असाच घोळ असतो. उत्तर देऊन मार्क केलेला प्रश्न तपासला जातो, उत्तर न देता नुसता मार्क केलेला कोराच राहतो. रंगांचे अर्थ परीक्षेगणिक थोडे बदलू शकतात, म्हणून ते त्याच पानावर पाहून घ्यायचे. आणि मार्क करायचे ते मोजके, ज्यांना परत आल्यावर अर्ध्या मिनिटात उत्तर मिळेल असे. अठरा प्रश्न मार्क करून ठेवलेस तर दुसऱ्या फेरीला तुझ्यासमोर पुन्हा आख्खा पेपरच असेल.

घड्याळाकडे विभागात तीनदाच पाहायचं. साधारण दहा मिनिटं उरली असताना, पाच उरली असताना आणि दोन उरली असताना. वर कोपऱ्यात किती वेळ उरला तेच दिसतं, किती गेला ते नाही. सरावाच्या वेळीही मोबाइलवर उलट मोजणारं घड्याळ लाव, म्हणजे 'दहा उरली' हे वाचून काय करायचं ते हाताला कळेल. दहाला पहिली फेरी संपायला हवी. पाचला चालू असलेलं पझल सुटत नसेल तर ते टाकून सुट्या प्रश्नांकडे वळायचं. दोनला नवीन काही उघडायचंच नाही. तेव्हा फक्त मार्क केलेले उरकायचे आणि साठवायचे राहिलेले बघायचे.

चुकीच्या उत्तराला पाव गुण कापतात, म्हणून तू शेवटी घाबरून प्रश्न कोरे सोडत असशील, असा माझा अंदाज आहे. एकदा कागदावर मांड. पाच पर्यायांच्या २० प्रश्नांना डोळे मिटून उत्तरं दिली, तर सरासरी ४ बरोबर येतील आणि १६ चुकतील. ४ मिळाले, १६ चे पाव म्हणजे ४ गेले. हाती शून्य. म्हणजे डोळे मिटून ठोकण्यात काही कमाई नाही, वेळ मात्र जातो. पण पाचांतले तीन पर्याय नक्की नाहीत हे कळलं आणि उरलेल्या दोनांतून एक निवडला, तर अशा २० प्रश्नांत सरासरी १० बरोबर, १० चुकीचे, आणि अडीच कापून साडेसात गुण हाती. तेव्हा दोनावर अडलीस की उत्तर दे आणि पुढे हो, तिथे मिनिटभर घुटमळू नकोस. एकही पर्याय कापता येत नसेल तर कोरा सोड. रेल्वेच्या एनटीपीसी परीक्षेत (तांत्रिक नसलेल्या पदांच्या भरतीत) पर्याय चार आणि कपात एकतृतीयांश, तिथेही डोळे मिटून ठोकलं की हिशेब शून्यावरच येतो.

एक गोष्ट तू लिहिली नाहीस, पण सत्तरीत वाढलेली आहेस म्हणून विचारते. पहिली ते चौथी मराठी शाळा आणि पाचवीपासून इंग्रजी, हीच ना तुझी वाट? गोव्यातल्या कितीतरी घरांची कहाणी तीच आहे. मग पाढे तुझ्या डोक्यात मराठीतच असणार. ते तसेच राहू देत. पडद्यावर आकडा इंग्रजीत वाचायचा, मनात इंग्रजीतच गुणायचा प्रयत्न करायचा, अडलं की मराठीत यायचं, ही ये-जा थांबव. आजोबा-आजीच्या पिढीला पावकी, निमकी, दीडकी तोंडपाठ असायची. घरात कोणी असेल तर त्यांच्याकडून घे. ४८ गुणिले २५ कागदावर मांडायचं कशाला? ४८ चा पाव १२, म्हणून १२००. ३६ गुणिले १५, तर दीड छत्तीस चोपन्न, म्हणून ५४०. असं एकेक उदाहरण दहा-बारा सेकंद वाचवतं, आणि सिम्प्लिफिकेशनच्या दहा प्रश्नांवर दोन मिनिटं. क्लासमधल्या 'शॉर्ट ट्रिक'च्या वहीपेक्षा हे मला जास्त भरवशाचं वाटतं. ट्रिक कुठे लावायची हे आठवण्यातच निम्मा वेळ जातो.

सराव कशावर करतेस? तू सांगितलं नाहीस, पण बहुतेक मुली मोबाइलवरच करतात. प्रश्न पाठ व्हायला मोबाइल ठीक आहे, वेळेच्या सरावाला अजिबात नाही. केंद्रावर मोठा पडदा असतो, हातात माउस, बाजूला रफ शीट, आणि नजर सारखी पडदा ते कागद अशी फिरते. कळफलकाला हात लावू नका, असं बऱ्याच ठिकाणी बजावतात. हे सगळं हाताला नवं असेल तर पहिल्या विभागाची तीन-चार मिनिटं त्यातच जातात. जिथे शिकलीस त्या कॉलेजच्या संगणक कक्षात विचारून बघ, नाहीतर कोणा भावंडाचा लॅपटॉप आणि साधा माउस. आठवड्यातून दोन पूर्ण मॉक टेस्ट (सराव परीक्षा) पुरेत, पण त्या संगणकावरच.

मॉक झाल्यावर गुण बघून वही मिटू नकोस. मॉकला एक तास गेला तर तपासणीला दीड जाऊ दे. तपासताना फक्त चुकलेले प्रश्न बघतात सगळे. तू बरोबर आलेलेही बघ, विशेषतः ज्यांना दीड-दोन मिनिटं लागली ते. बरेच सराव-संच दर प्रश्नाला किती वेळ गेला ते दाखवतात. त्यातले कोणते तू सोडून द्यायला हवे होतेस ते लिहून काढ. महिनाभरात तुलाच दिसेल की तू त्याच त्या दोन-तीन प्रकारांत अडकतेस. गोल टेबल त्यात असणार हे मी आत्ताच सांगते.

पेपर कठीण निघाला तर मध्येच हाय खाऊ नकोस. परीक्षा अनेक शिफ्टमध्ये होते आणि शिफ्टनुसार गुणांची बरोबरी केली जाते. तुला अवघड वाटलं ते तुझ्या शिफ्टमधल्या बाकीच्यांनाही अवघड वाटलेलं असतं. आणि क्लार्कच्या प्रिलिम्सचे गुण अंतिम यादीत धरतच नाहीत, तिथे मेन्सचे (मुख्य परीक्षेचे) धरतात. इथे पार व्हायचं आहे, पहिलं यायचं नाही.

राज्याच्या नोकऱ्यांचाही विचार करत असशील. 'क' गटाच्या पदांसाठी गोवा कर्मचारी निवड आयोगही आता संगणकावरच परीक्षा घेतो. जिथे विभागाला वेगळं घड्याळ नाही, तिथे ते आपण लावायचं. एनटीपीसीच्या पहिल्या टप्प्यात १०० प्रश्नांना सलग ९० मिनिटं असतात, त्यातले ४० सामान्य ज्ञानाचे. सामान्य ज्ञान एक तर येतं किंवा येत नाही, विचार करून सुचत नाही. ते २० मिनिटांत उरकलं तर उरलेल्या ६० प्रश्नांना ७० मिनिटं राहतात.

आता काम सोडण्याचं. सोडू नकोस. तुला अभ्यासाला वेळ कमी पडत असता तर मी वेगळं म्हटलं असतं. पण घरी ३५ पैकी ३० येणाऱ्या मुलीला आणखी एक वर्ष घरी बसवून काय मिळणार? उलट घरात बसलीस की येणारा-जाणारा 'काय गो, कधी लागतेस बँकेत?' विचारणार, आणि पुढच्या पेपरला ते वर्षही तुझ्या मानेवर बसलेलं असणार. दुकानातल्या हिशेबाने रोज आकडेमोड होते, हातात चार पैसे येतात. ते राहू दे. केंद्र पणजीच्या बाजूला आलं आणि शिफ्ट सकाळची असली, तर पावसातून बस बदलत पोचायच्या भरवशावर राहू नकोस. आदल्या रात्री तिकडच्या कोणा नातलगाकडे जा.

राहिली चवथ. तुमचा गणपती दीड दिवसाचा की पाच, ते लिहिलं नाहीस. कितीही दिवसांचा असो, तेवढे दिवस पूर्ण मॉक लावू नकोस, होणार नाही आणि न झाल्याची रुखरुख लागेल. रोज एकच विभाग, २० मिनिटं, घर जागं व्हायच्या आत. आईला मात्र आठवडाभर आधीच सांगून ठेव. गणपतीवर फळांची माटोळी बांधायला मी आहे, नेवऱ्या तळायला आहे, पाहुण्यांची ताटं वाढायलाही आहे, पण सकाळी साडेपाच ते सहा मला हाक मारायची नाही.